कोळशावरच्या चिकनचे टाको: कशाच्या आधी काय

दक्षिण कॅलिफोर्नियात राहायला आल्यापासून आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी टाको, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत (टॉर्टियात) भरलेलं मांस, होतात. ओळखीच्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात त्याच तीन तक्रारी ऐकू येतात: चिकन कोरडं पडलं, टॉर्टिया हातातच फाटली, साल्सा (मेक्सिकन चटणी) पाणचट झाला. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. कोळसे पेटले की सगळे आधी मांसाकडे धावतात. चिकन भाजून होतं तेव्हा पीठ भिजायचं असतं, कांदा चिरायचा असतो. मग गरम राहावं म्हणून चिकन जाळीवरच ठेवलं जातं आणि तिथेच वाळतं.

म्हणून इथे क्रमावर भर आहे. प्रमाण चौघांचं: एक किलो पोयो असादो (विस्तवावर भाजलेलं चिकन), मक्याच्या १६ टॉर्टिया आणि भाजलेल्या टोमॅटोचा साल्सा. गोमांसाची कार्ने असादा करणाऱ्यांना जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलं आहे. बाहेर खाण्याविषयी शेवटी लिहिलं आहे. शाकाहारी किंवा गोमांस न खाणारं कुणी घरात असेल तर तो भाग आधी वाचा.

साडेसातला जेवायचं असेल तर वेळ अशी लावा. मीठ-मसाला आदल्या रात्री. साडेपाचला साल्सा, सहाला चिकनला आंबट रस, सव्वासहाला पीठ, साडेसहाला कोळसे. कोळसे धरेपर्यंत टॉर्टिया. सात-पाचला चिकन जाळीवर. सगळ्यात शेवटी मांस, हे एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

## १. खरेदी

चिकन. मांडीचंच घ्या, बिनहाडाचं. छातीचं मांस जोरदार आचेवर दोन मिनिटं जास्त राहिलं की भुसा होतं. मांडी तेवढी चूक पोटात घालते. मेक्सिकन खाटकाच्या दुकानात, म्हणजे कार्निसेरियात, ‘पोयो प्रेपारादो’ नावाचं आधीच मसाला लावलेलं चिकन मिळतं. पहिल्या खेपेला ते घेऊ नका. त्यात मीठ आणि आंबट किती आणि ते लागून किती तास झाले, हे आपल्याला कळत नाही.

गोमांस. स्कर्ट स्टेक किंवा फ्लॅप मीट मागा. कॅलिफोर्नियातल्या कार्निसेरियात फ्लॅप मीट बहुधा ‘रांचेरा’ नावाने असतं. ‘पारा असार’, म्हणजे भाजण्यासाठी, असं सांगितलं की पातळ कापून देतात.

मक्याचं पीठ. सगळ्यात जास्त पैसे आणि मेहनत इथे वाया जाते. टॉर्टियाला मासा हरीना लागतं. मासेका हा त्याचा सहज मिळणारा ब्रँड. सरसोंच्या सागाबरोबरच्या रोटीचं मक्याचं पीठ चालत नाही. आपण ज्याला कॉर्नफ्लॉवर म्हणतो तो तर नुसता स्टार्च, तो मुळीच नाही. मासा हरीनासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन दळतात आणि मग वाळवतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो. साध्या मक्याच्या पिठात तो नसतो, म्हणून भाकरीसारखी उकड काढूनही त्याची पातळ, दुमडता येणारी टॉर्टिया होत नाही.

ताजं भिजवलेलं पीठ विकत घेणार असाल तर ‘मासा सिन प्रेपारार’ मागा. शेजारीच असलेलं ‘मासा प्रेपारादा’ तमालेसाठी (मक्याच्या सालात गुंडाळून वाफवलेल्या पदार्थासाठी) असतं आणि त्यात बहुधा डुकराची चरबी घातलेली असते. त्याच्या टॉर्टिया तर होत नाहीतच, पण डुकराचं न खाणाऱ्यांच्या पोटात ती नकळत जाते. पिशव्या दिसायला सारख्या, म्हणून वाचून घ्या.

भारतात असाल आणि मासा हरीना मिळत नसेल तर त्याऐवजी थेट ओलं पीठ घरी करता येतं. एक किलो वाळलेला पांढरा मका, तीन लिटर पाणी आणि १० ग्रॅम खाण्यायोग्य चुन्याची पूड स्टीलच्या पातेल्यात घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुना त्याला खातो. मंद आचेवर ४० ते ६० मिनिटं, साल बोटाने चोळून सुटेपर्यंत शिजवा. रात्रभर तसाच ठेवा, सकाळी चोळून स्वच्छ धुवा आणि ओल्या वाटणाच्या ग्राइंडरवर शक्य तितकं कमी पाणी घालून वाटा. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं.

मिरच्या आणि बाकी. वाळलेली ग्वाहियो मिरची रंगासाठी. तिचं काम आपल्या ब्याडगीसारखं, नाही मिळाली तर ब्याडगी घाला. तिखटासाठी चिले दे आर्बोल. बदली म्हणून आपली कुठलीही बारीक झणझणीत लाल मिरची. लिंबू छोटं, पातळ सालीचं घ्या: मेक्सिकोतलं लिमोन आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. मोठं पिवळं लेमन त्या चवीचं नाही. ओरेगानो मेक्सिकन असेल तर उत्तम. पिझ्झावरचा ओरेगानो वेगळ्याच कुळातला आहे, तो वापरलात तर अर्धाच घाला. पांढरा कांदा, कोथिंबीर, टोमॅटो, लसूण, पातीचे कांदे.

## २. आदल्या रात्री: मीठ आणि वाटण

ग्वाहियोच्या चार मिरच्यांच्या बिया काढा, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिळून १५-२० सेकंद शेका आणि गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा. वास दरवळला की लगेच उचला. काळ्या पडल्या तर फेकून नव्या घ्या. करपलेल्या मिरचीचा कडूपणा पुढे कशानेही झाकत नाही.

भिजलेल्या मिरच्या, लसणाच्या चार पाकळ्या, एक चमचा ओरेगानो, अर्धा चमचा जिरं, अर्धा चमचा मिरी, १५ ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र वाटा. चिकनचे जाड भाग सुरीने उघडून सगळीकडे सारखी जाडी करा, वाटण चोळा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

आलं, गरम मसाला आणि दही नको. हे सांगावं लागतं, कारण हात सवयीने तिकडेच जातो. ते घातलं की चिकन चांगलं होईल, पण ते तंदुरीच्या घरचं होईल, आणि साल्साशी त्याचं जमणार नाही.

> सावध: लिंबू आणि संत्र्याचा रस रात्री घालायचा नाही. रात्रभर आंबटात राहिलेलं चिकन वरून पांढरट आणि पिठूळ होतं. दोन लिंबांचा आणि एका संत्र्याचा रस भाजण्याआधी तासभर घाला, तेवढा पुरतो.

गोमांसाला एवढं वाटण लागत नाही. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोरा भागात, पुष्कळदा नुसतं मीठच लावतात. मांस चांगलं असेल तर तेच करावं असं माझं मत आहे.

## ३. साल्सा

साल्सा आधी करायचा, कारण तो निवल्यावर आणि थोडा मुरल्यावरच खरी चव देतो.

बिडाचा तवा चांगला तापवा. चार मध्यम टोमॅटो, अर्धा कांदा, सालासकट लसणाच्या तीन पाकळ्या कोरड्याच ठेवा. तेल नाही. टोमॅटो फिरवत फिरवत काळे डाग पडून मऊ होईपर्यंत १२-१५ मिनिटं भाजा. लसूण सालासकट ठेवायचा तो करपू नये म्हणून. दाबल्यावर आत लोण्यासारखा लागला की काढा. आर्बोलच्या सहा-आठ मिरच्या शेवटी, काही सेकंदच. या वेळी खिडकी उघडी हवी, ठसका जबरदस्त लागतो.

सगळं पाऊण चमचा मीठ घालून जाडसर वाटा. पाटा-वरवंटा असेल तर फार छान. मेक्सिकोत हे दगडी मोल्काहेतेमध्ये कुटतात. मिक्सर असेल तर आधी मिरच्या, लसूण आणि मीठ फिरवा, मग टोमॅटो घालून दोन-तीन झटके, बस्स. सलग फिरवला की हवा शिरते, रंग गुलाबी होतो आणि पाणी वेगळं सुटतं. पाणचट साल्साचं एक कारण हे, दुसरं म्हणजे टोमॅटो अर्धवट भाजणं.

> तपासा: चमचाभर साल्सा बशीत टाका. कडेने पाणी ओघळलं तर तो पातेल्यात पाच मिनिटं आटवा. चव नुसती चाखली तर थोडी जास्त खारट-तिखट वाटायला हवी, कारण खाली बिनमिठाची टॉर्टिया येणार आहे.

## ४. पीठ

दोन कप मासा हरीना आणि दीड कप कोमट पाणी. मीठ घालायचं तर चिमूटभर. तीन-चार मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली १५-२० मिनिटं ठेवा, मग पुन्हा तपासा. पीठ पाणी पीत राहतं, त्यामुळे मळताना बरोबर वाटलेलं नंतर हमखास कोरडं निघतं.

> तपासा: लिंबाएवढा गोळा तळव्यात दाबा. कडेला चिरा पडल्या तर एक-एक चमचा पाणी वाढवा. हाताला चिकटलं तर भुरभुर पीठ. गोळा मऊ मातीसारखा लागला आणि कड सलग राहिली की झालं.

ज्यांचा हात भाकरीवर बसला आहे त्यांना पीठ सैल झाल्यासारखं वाटतं आणि ते घट्ट करतात. टॉर्टिया फाटण्याचं पहिलं कारण हेच. गोळे १६ करा, साधारण ३५ ग्रॅमचे, आणि झाकूनच ठेवा.

## ५. कोळसे

पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात कोळसे भरा, खाली कागद पेटवा. पेटवायचं रॉकेलसारखं द्रव वापरू नका. त्याचा वास मांसाला लागतो. १५-२० मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी होतात. मग ते शेगडीच्या एकाच अर्ध्या भागात ओता आणि दुसरा अर्धा मोकळा सोडा. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या की मांस सरकवायला ही मोकळी बाजूच कामी येते. सगळीकडे कोळसे पसरणारा माणूस ज्वाळांशी झगडत बसतो, शेवटी पाणी मारतो आणि राख मांसावर उडवतो.

जाळी ठेवून दहा मिनिटं तापू द्या, तारेच्या ब्रशने घासा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून, कापलेली बाजू तेलात बुडवून जाळीवर फिरवा. मेक्सिकन घरांत हे सर्रास करतात. पण आधी ब्रश, मग कांदा. ब्रशचा सुटलेला तारेचा तुकडा राहिला असेल तर तो या वेळी दिसतो, तेवढं डोळे उघडे ठेवून बघा.

> तपासा: तळहात जाळीच्या वर चार-पाच इंचांवर धरा. दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावासा वाटला तर आच बरोबर. पाच सेकंद सहज राहिला तर थांबा.

> सावध: कोळसे घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत कधीच पेटवायचे नाहीत, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅसची ग्रिल असेल तर झाकण लावून १५ मिनिटं पूर्ण आचेवर तापवा, मग एक बर्नर बंद करा. अपार्टमेंटमध्ये दोन्ही चालत नसेल तर बिडाचा जाड तवा घ्या आणि एका वेळी तीनच तुकडे टाका. गर्दी केली की पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी शिजतं. धुराची चव येणार नाही, पण टाको उत्तम होतात. हिवाळाभर आम्ही तसेच करतो.

## ६. टॉर्टिया

कोळशाजवळ दुसरं माणूस उभं करा आणि तुम्ही तव्याशी या. जाड प्लास्टिकची पिशवी कापून दोन तुकडे करा, त्यांच्यामध्ये गोळा ठेवून प्रेसमध्ये किंवा सपाट जड भांड्याखाली दाबा. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, पोळीपेक्षा थोडी जास्त. लाटणं नको, कड फाटते. वरचं प्लास्टिक सोलून टॉर्टिया तळहातावर घ्या आणि खालचं प्लास्टिक तिच्यावरून सोला. टॉर्टियाला प्लास्टिकवरून ओढायला गेलात की ती फाटते.

तवा कडकडीत हवा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. मग:

1. पहिली बाजू १५-२० सेकंद. कड तव्यापासून सुटू लागली की लगेच उलटा.
2. दुसरी बाजू ४५ सेकंद, खाली तपकिरी ठिपके येईपर्यंत.
3. पुन्हा पहिल्या बाजूवर. आता मधोमध बोटांनी हलकं दाबा. दहा-पंधरा सेकंदांत एका कडेला फुगा उठतो आणि सरकत सरकत सगळी टॉर्टिया फुगते.

भाकरीसारखं वरून पाणी फिरवायचं नाही. पहिली बाजू जास्त वेळ ठेवली तर वरचा थर कडक होऊन वाफ कोंडत नाही आणि फुगत नाही, हे पहिल्या दोन-तीन टॉर्टियांत लक्षात येईल. सगळ्याच फुगल्या नाहीत तरी हरकत नाही.

तव्यावरून काढलेली टॉर्टिया लगेच खाऊ नका. जाड फडक्यात गुंडाळून दुरडीत रचत जा, वर झाकण. दहा-पंधरा मिनिटांनी आतल्या वाफेने त्या लवचीक होतात. ही पायरी वगळली म्हणून टॉर्टिया मोडलेली मी जितकी पाहिली आहे तितकी दुसऱ्या कशाने नाही.

## ७. भाजणं

चिकनवरचं जास्तीचं वाटण पुसून घ्या. मिरचीचा जाड थर मांसाआधी करपतो. कोळशाच्या बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. चिकटलं असेल तर ते अजून झालेलं नाही, जाळी आपणहून सोडते. उलटून आणखी पाच-सहा मिनिटं. ज्वाळा उठल्या की मोकळ्या बाजूला, शांत झाल्या की परत.

> तपासा: थर्मामीटर जाड भागात खुपसा. ७४ अंश सेल्सिअसला चिकन खायला सुरक्षित होतं, पण मांडीचं मांस ८० अंशांच्या आसपास जास्त मऊ लागतं. रंगावर विश्वास ठेवू नका, ग्वाहियोमुळे आतला रसही लालसर दिसतो.

पातळ स्कर्ट स्टेकला दर बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. अमेरिकी कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि तीन मिनिटं विसावा अशी आहे.

कडेला पातीचे कांदे आणि अख्ख्या हिरव्या मिरच्या भाजत ठेवा, त्यावर नंतर मीठ आणि लिंबू.

> सावध: कच्चं चिकन आणलेलं ताट आणि चिमटा परत वापरू नका. स्वच्छ ताट आधीच बाजूला काढून ठेवा. उरलेलं मुरवणाचं वाटण वरून फासायचं नाही.

## ८. कापणं आणि भरणं

पाच मिनिटं विसावा, मग कापा. टाकोसाठी लांब पट्ट्या नकोत, घासाबरोबर अख्खी पट्टी ओढली जाते. एक सेंटिमीटरचे तुकडे करा आणि ताटात सुटलेला रस त्यावरच ओता.

स्कर्ट स्टेकला इथे काळजी हवी. त्याचे धागे पट्टीच्या रुंदीला समांतर जातात. आधी हाताच्या रुंदीएवढे तुकडे करा, तुकडा काटकोनात फिरवा, मग धाग्यांना आडवं कापा. धाग्यांच्या दिशेने कापलेला महागडा तुकडाही चामड्यासारखा लागतो.

दोन टॉर्टिया एकावर एक, दोन चमचे मांस, बारीक चिरलेला कांदा-कोथिंबीर, साल्सा, वरून लिंबू. चीज आणि आंबट साय नको; ती घातली की विस्तवाची चव लपते. एका वेळी दोनच टाको भरा. भरून ठेवलेला टाको पाच मिनिटांत खालून भिजतो.

## ९. बाहेर खाताना

काही वर्षांपूर्वी भारतातून आलेल्या आमच्या शाकाहारी मावशींना आम्ही एका टाकेरियात, म्हणजे टाकोच्या खानावळीत, घेऊन गेलो. मी ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणाले, त्यांनी मान डोलावली, आणि त्या बीन्स-भात पोटभर जेवल्या. निघताना कळलं की बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले होते. दुकानदाराने फसवलं नव्हतं, मीच अपुरं विचारलं होतं. तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी मागवण्याआधी विचारते.

‘कार्ने’ म्हणजे सगळं मांस असं धरू नका. बोलण्यात बरेचदा त्याचा अर्थ गोमांस किंवा लाल मांस असतो. ‘सिन कार्ने’ म्हटल्यावर चिकन येऊ शकतं. पूर्ण वाक्य सांगा: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’, म्हणजे मी मांस, चिकन, मासे खात नाही.

चरबी. ‘तिएने मांतेका?’ असं बीन्ससाठी आणि मैद्याच्या टॉर्टियासाठी विचारा. तमालेच्या पिठातही ती बहुधा असते. भातासाठी वेगळा प्रश्न: ‘तिएने काल्दो दे पोयो?’ कारण लाल भात पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात.

गोमांस. फलकावर नुसतं ‘असादा’ लिहिलं असेल तर ते गोमांसच. ‘भाजलेलं’ एवढाच शब्दार्थ धरून ते मागवणारे आपले लोक मी पाहिले आहेत. लेंग्वा म्हणजे जीभ, काबेसा म्हणजे डोक्याचं मांस आणि सुआदेरो, ही तिन्ही सहसा गोमांसाची. बिर्रिया (मिरचीच्या रश्शात शिजवलेलं मांस) हालिस्कोच्या पद्धतीत बोकडाची असते, पण तिहुआना पद्धतीची, चीज आणि रश्शाबरोबरची, गोमांसाची. बार्बाकोआ (मंद शिजवलेलं मांस) कशाचीही असू शकते. शंका आली की ‘एस दे रेस?’, म्हणजे गोमांस आहे का.

डुकराचं. आल पास्तोर, कार्नितास, आणि बहुधा चोरिसो.

तवा. चिकन मागवलंत तरी ते गोमांसाच्याच तव्यावर, त्याच उलथन्याने परतलेलं असण्याची शक्यता मोठी. ज्यांना हे चालत नाही त्यांनी गर्दीच्या वेळी टाकोच्या ट्रकवर न जाता निवांत वेळी जाऊन तवा वेगळा मिळेल का ते विचारावं.

साल्सा आधी टॉर्टियाच्या तुकड्यावर थेंबभर चाखा. हिरवा म्हणजे सौम्य, हा समज इथे महागात पडतो. पातळ फिकट हिरवा साल्सा अनेकदा लालपेक्षा जहाल असतो. ‘कोन तोदो’ म्हटलं की कांदा-कोथिंबीर घालून मिळतं, कुठे कुठे साल्साही घालतात, म्हणून मुलांसाठी ‘सिन साल्सा’ सांगा. दोन-दोन टाको मागवा आणि तिथेच उभ्याने खा. घरी न्यायचे असतील तर मांस, टॉर्टिया आणि साल्सा वेगवेगळे बांधून मागा, आणि घरी टॉर्टिया कडकडीत कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेकून मगच भरा.